विचर ४ साठी कार्ड घेऊ नका, विचर ३ घ्या

"विचर ४ हा गेम चालेल असं ग्राफिक्स कार्ड टाकून द्या" अशी मागणी घेऊन नवा पीसी जोडायला निघालेल्यांना आमचं एकच सांगणं आहे: एवढ्यात पैसे मोडू नका. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं विचर ४ चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२४ मध्ये दाखवला आणि नायिका सिरी असणार हेही तेव्हाच सांगितलं. पण २०२६ संपेपर्यंत गेम येणार नाही, असं कंपनीनंच गुंतवणूकदारांना कळवलेलं आहे. जून २०२५ मध्ये अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवरचा जो डेमो दाखवला तो साध्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर, रे ट्रेसिंगसह (म्हणजे खऱ्यासारख्या उजेड-सावल्यांसह) सेकंदाला ६० फ्रेमनी चालत होता. गेममधल्या कोविर प्रदेशाचे डोंगर, बाजारातली गर्दी, घोड्याच्या कातडीखाली हलणारे स्नायू, सगळं डोळे दिपवणारं. तरी तो तंत्रज्ञानाचा नमुना होता, प्रत्यक्ष गेम नव्हे. त्यावरून 'अमुक कार्ड लागेल' असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो तुम्हाला कार्ड विकतोय, एवढंच समजा.

तोवर खेळायचं ते विचर ३. १९ मे २०१५ ला आलेला गेम, १४ डिसेंबर २०२२ ला त्याला मोफत मोठं अपडेट मिळालं, आणि मे २०२५ पर्यंत सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. पैसे घेऊन राक्षस मारणारा, म्हणजेच विचर, गेराल्ट हा नायक, आणि हरवलेल्या सिरीचा शोध हे सूत्र. गोष्ट आजही ताजी वाटते. तलवारबाजी मात्र जुनी झाली आहे, आणि नकाशावरच्या खुणा गोळा करत हिंडणं तर २०१५ मध्येही कंटाळवाणंच होतं. या तिन्ही गोष्टी एकाच गेमबद्दल खऱ्या आहेत, म्हणून कुठं रमायचं आणि काय सोडून द्यायचं हे आधी माहीत असलेलं बरं.

गेमचा खरा कस कळतो तो सुपाऱ्यांमध्ये, म्हणजे गावच्या फळ्यावर लागलेल्या कामांमध्ये. सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्ड भागातलं विहिरीचं काम घ्या. ओडोलन नावाच्या माणसाची मुलगी आजारी आहे, तिला स्वच्छ पाणी हवं, आणि ओसाड वस्तीतल्या विहिरीवर भुताचा पहारा आहे. नळाला पाणी कधी सुटणार याकडे डोळे लावून बसणाऱ्या सोलापूरकराला ही अडचण समजावून सांगायला नको. आधी घासाघीस करायची: आकड्याची पट्टी पुढं सरकवत न्यायची, पण समोरच्याच्या रागाचा पट्टा भरला की बोलणी फिसकटतात, म्हणून थोडंथोडं वाढवा. मग वस्तीत जाऊन विचर सेन्स लावायचा, म्हणजे माउसचं उजवं बटण दाबून धरायचं. लाल दिसणाऱ्या खुणा तपासत गेलं की कळतं, ही मध्यान्हीची भुताळी आहे आणि तिचा जीव इथल्या अवशेषांत अडकलाय. विहिरीत उतरायचं, तळाच्या पाण्यात बुडी मारून कडं शोधायचं, दुसऱ्या वाटेनं बाहेर यायचं आणि मग प्रेत व कडं एकत्र जाळायचं. हे करण्याआधी तिच्याशी नुसतं लढत बसलात तर ती परत परत येते. नवखे खेळाडू अडकतात ते नेमके इथं.

जाळल्यावर खरी लढाई. चांदीच्या तलवारीला भुतांवरचं तेल लावा. साधं तेल १० टक्क्यांची वाढ देतं, ऐकायला किरकोळ वाटतं, पण या पातळीला जाणवतं. कृती हाताशी असेल तर त्याला अस्वलाची चरबी १ आणि अरेनारियाची फुलं ४ लागतात. मग जमिनीवर यर्डेन या जादूच्या चिन्हाचं रिंगण टाका आणि त्याच्या आतच उभे राहा. रिंगणात ती ठोस होते, तलवार लागते. बाहेर तुमचे वार धुरातून गेल्यासारखे जातात. मध्येच ती स्वतःच्या तीन प्रतिमा उभ्या करते आणि त्या तुमच्याभोवती फिरताना तिची ताकद परत भरत राहते. तिच्या मागं धावू नका, आधी प्रतिमा पाडा. यर्डेन विझलं की स्टॅमिना भरेपर्यंत फक्त बाजूला सरका: कीबोर्डवर डावं ऑल्ट म्हणजे छोटी झुकांडी, स्पेस म्हणजे लांब लोळण. स्पेसचीच सवय लागलेले खेळाडू प्रत्येक वेळी शत्रूपासून चार हात लांब जाऊन पडतात आणि मग वार पोचत नाही म्हणून गेमला नावं ठेवतात. ऑल्ट शिका.

वाचा, तयारी करा, मग मारा, हा क्रम गेमभर आहे, आणि तो पाळायला लावण्यासाठी अवघडपणाची पातळी योग्य निवडावी लागते. चार पातळ्या आहेत. खालच्या दोन पातळ्यांवर ध्यान लावून बसलं की जीव आपोआप पूर्ण भरतो, त्यामुळं तेल, औषध, बॉम्ब यांच्याकडं ढुंकून बघायची गरज पडत नाही आणि गेमचा अर्धा मेंदू वाया जातो. वरच्या दोन पातळ्यांवर ध्यानानं जीव भरत नाही; खाणंपिणं आणि औषध यांवरच गुजराण. तिसरी, 'ब्लड अँड ब्रोकन बोन्स', आम्ही पहिल्याच फेरीला सुचवू. सुरुवातीचे काही तास मार खाल, कुत्र्यांचा कळपसुद्धा लोळवेल. पिशवीत पाव, सफरचंद, पाणी भरून ठेवा. पुढं 'गोर्मे' हे कौशल्य घेतलं की एक घास २० मिनिटं जीव भरत राहतो, आणि तेव्हापासून खाण्याची चिंता मिटते.

औषधांचं गणित लोकांना उलटं समजतं. एखादं औषध एकदाच बनवायचं असतं. 'स्वॉलो' या जीव भरणाऱ्या औषधाला ड्वार्व्हन स्पिरिट ही दारू १, ड्राउनर राक्षसाचा मेंदू १ आणि सेलंडाइन ही वनस्पती ५ लागते. त्यानंतर ते संपलं तरी साहित्य पुन्हा गोळा करायचं नाही: पिशवीत कडक दारूची एक बाटली ठेवून ध्यान लावलं की सगळी औषधं आणि बॉम्ब परत भरतात, तेही एकाच बाटलीत. म्हणून औषधं राखून ठेवण्यात अर्थ नाही, प्रत्येक बऱ्या लढाईत वापरा. रस्त्याच्या कडेची झाडं मात्र सुरुवातीला येता-जाता खुडत चला, कारण नव्या कृतीसाठी काय कमी पडेल सांगता येत नाही.

कौशल्यांच्या पानावर तर हटकून घोळ होतो. गुण खर्चून कौशल्य शिकलं म्हणजे ते लागू झालं असं नाही. उजवीकडच्या खाच्यात ओढून बसवलं तरच चालतं. खाचे पातळीप्रमाणं हळूहळू उघडतात, म्हणून चार झाडांत एकेक गुण शिंपडण्यापेक्षा वेगवान वार किंवा चिन्हं यांपैकी एकच वाट धरा. तीन खाच्यांच्या गटाला एक म्युटाजेनचा (राक्षसांपासून मिळणाऱ्या शक्तिवर्धक द्रव्याचा) खाचा जोडलेला असतो. लाल हल्ल्यासाठी, निळा चिन्हांसाठी, हिरवा जिवासाठी. गटातली कौशल्यं म्युटाजेनच्याच रंगाची असली की फायदा वाढतो. आणखी एक: व्हाइट ऑर्चर्ड सोडण्याआधी तिथल्या सहाही शक्तिस्थळांवर हात टेकवून या. प्रत्येकी एक गुण, म्हणजे सहा पातळ्यांची कमाई फुकटात. ग्रिफिन राक्षसाच्या मागं लागून बरेचजण हे विसरतात.

पैशांची चणचण वेलेन या पुढच्या भागापर्यंत राहते. पूर्वी खेळाडू व्हाइट ऑर्चर्डमधल्या गाई मारून, ध्यान लावून, पुन्हा मारून कातडी विकत बसायचे. कंपनीनं बंदी घातली नाही. गाईंच्या रक्षणाला एक अवाढव्य राक्षस सोडला, जो त्या पातळीच्या खेळाडूला दोन फटक्यांत संपवतो. असल्या खोड्या या गेममध्ये ठिकठिकाणी आहेत. सरळ मार्ग म्हणजे सुपाऱ्या घ्या, आणि सापडलेल्या तलवारी लोहाराकडंच विका, किराणावाल्याला नको. चिलखतासाठी ११ व्या पातळीला मिळणारा ग्रिफिन संच शोधा; तो नकाशे वाचून जमवावा लागतो, पण दुकानातल्या मालापेक्षा सरस निघतो.

लिखाण हा या गेमचा कणा. वेलेनमधल्या ब्लडी बॅरनचा प्रसंग पुरावा म्हणून पुरेसा आहे: दारुडा, बायकोला मारणारा, तरीही ज्याच्याशी बोलताना नुसती घृणा टिकवून धरता येत नाही असा माणूस. तुमच्या निवडीचे परिणाम तासाभरानं, कधी दहा तासांनी समोर येतात, त्यामुळं सेव्ह लोड करून उत्तर बदलायची सोय राहत नाही. हे मुद्दाम केलंय आणि ते बरोबर आहे. खटकतं ते वेगळं. सिरीच्या जिवाला धोका आहे असं प्रत्येकजण घाईघाईनं सांगत असतो आणि गेराल्ट मात्र म्हातारीचं तवा शोधून देण्याचं काम घेऊन बसलेला असतो. ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिथं हिंडू देणाऱ्या गेमचा हा जुना आजार इथंही बरा झालेला नाही.

मुख्य कथा सुमारे ५० तासांची, सगळं करायचं म्हटलं तर त्याच्या दुपटीहून जास्त. वेळ वाचवायचा असेल तर स्केलिगे बेटांच्या समुद्रातली, नकाशावर दिसणारी प्रश्नचिन्हं सोडा. होडी हाकत जायचं, उडत्या राक्षसांना बाणानं पाडायचं, बुडालेल्या पेट्या उघडायच्या, आणि आत निघतं विकायचं भंगार. अशी पन्नास चिन्हं पालथी घातली तरी वेगळं काही हाती लागत नाही. २०२२ च्या अपडेटनंतर नकाशावर गाळणी लावून ही चिन्हं लपवता येतात; लपवाच. आणि कथेच्या ओघात 'आयल ऑफ मिस्ट्स' या बेटाला निघताना गेम इशारा देतो तो गांभीर्यानं घ्या. त्यापलीकडं मित्रांची बरीच उपकामं कायमची बंद पडतात. तिथं वेगळा सेव्ह करून ठेवा. पातळ्यांचा अंदाज असा: वेलेन पाच-सहा, नोव्हिग्राड शहर दहाच्या आसपास, स्केलिगे सोळा. कामाच्या पातळीपेक्षा तुम्ही सहाएक पातळ्या वर गेलात की अनुभवाचे गुण नावापुरते मिळतात, म्हणून आवडती उपकामं 'नंतर बघू' म्हणून साठवू नका.

ग्वेंटबद्दल दोन शब्द, कारण पत्त्यांच्या या खेळात मूळ गेम विसरलेले लोक कमी नाहीत. हातात दहा पत्ते, सुरुवातीला दोन बदलायची मुभा, तीन फेऱ्यांत दोन जिंकायच्या, आणि फेरी संपली म्हणून नवे पत्ते मिळत नाहीत. सगळा डाव या शेवटच्या नियमात आहे. पहिल्या फेरीत प्रतिस्पर्ध्याला भरीस पाडून त्याचे पाच-सहा पत्ते खर्ची घाला, मग पास द्या आणि ती फेरी खुशाल हरा. हेर-पत्ता समोरच्याच्या बाजूला टाकला की त्याचे गुण वाढतात, पण तुम्हाला दोन नवे पत्ते मिळतात, आणि हा सौदा जवळजवळ नेहमी फायद्याचा. समोरच्यानं तुमच्या बाजूला हेर टाकला तर डिकॉय या पत्त्यानं तो उचला आणि त्याच्यावरच उलटवा. सुरुवातीला नॉर्दर्न रेल्म्सचा संच ठेवा, फेरी जिंकल्यावर एक जादा पत्ता देतो. गठ्ठ्यात निदान २२ योद्धे लागतात. त्याहून जास्त भरू नका, नाहीतर चांगले पत्ते हातात येतच नाहीत. खानावळवाल्यांकडचे पत्ते दिसतील तिथं विकत घ्या.

आता मशीनकडं. २०२२ नंतर पीसीवर गेम दोन रूपांत चालू होतो, डीएक्स (डायरेक्टएक्स) ११ आणि डीएक्स १२. रे ट्रेसिंग, आणि फ्रेम वाढवणारी डीएलएसएस, एफएसआर ही तंत्रं, हे सगळं फक्त १२ मध्ये. पण १२ प्रोसेसरवर भलताच भार टाकतं. नोव्हिग्राडच्या बाजारात शिरलं की चांगल्या कार्डावरही चित्र अडखळतं, आणि दोष कार्डाला दिला जातो. चार जीबीचं जुनं कार्ड आणि आठ जीबी रॅम असेल तर लाँचरमधून डीएक्स ११ निवडा आणि विसरून जा. हेअरवर्क्स बंद ठेवा. केसांच्या त्या बटांपायी लांडग्यांच्या कळपासमोर फ्रेम धाडकन पडतात. सावल्या आणि झाडाझुडपांचं अंतर मध्यमवर, टेक्स्चर मात्र हायवर राहू द्या, त्यांचा भार कार्डाच्या मेमरीवर असतो, वेगावर फारसा नाही. एवढं करून १०८० पी वर खेळण्याजोगा वेग मिळतो. अपडेटनंतर गेम उघडताच बंद पडत असेल तर आधी मॉड्स (चाहत्यांनी बनवलेले फेरफार) काढून बघा: जुन्या मॉडच्या स्क्रिप्ट नव्या आवृत्तीशी जुळत नाहीत आणि स्क्रिप्ट कंपायलेशनची चूक येते. फारच जुनं मशीन असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या बीटाजमध्ये जाऊन १.३२ ही जुनी आवृत्ती निवडता येते. नव्या आवृत्तीतले सेव्ह त्यात चालत नाहीत, हे मात्र आधी ध्यानात घ्या.

गेम एसएसडीवरच टाका. हार्ड डिस्कवर चालतो, पण अवघडपणाच्या तिसऱ्या पातळीवर मरणं वारंवार होतं आणि प्रत्येक मरणामागं लोडिंगची वाट पाहणं जिवावर येतं.

सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४४ ला टेकतो, आणि हा भाग पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत सापडत नाही. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं: २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात जातं, आणि एनव्हिडियाची बरीचशी कार्डं ८३ च्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतात. परिणाम असा दिसतो की पहिली पंधरा मिनिटं गेम झकास चालतो आणि मग हळूहळू रखडतो. लोक याला गेमचा बग म्हणतात. उपाय फुकटातले आहेत. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर ठेवा. अमर्याद ठेवली तर कार्ड मेन्यूच्या स्थिर चित्रासाठीसुद्धा जीव तोडून राबतं. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा, फ्रेम थोड्याच कमी होतात पण उष्णता बरीच उतरते. कॅबिनेटची पुढची काच किंवा बंद पत्रा काढून जाळी लावा आणि महिन्याला धूळ झाडा. झाडताना पंख्याचं पातं बोटानं धरा. ब्लोअरच्या झोतात ते मोकळं फिरू दिलं तर बेअरिंग जातं.

कूलर असेल तर तो खोलीसाठी लावा, कॅबिनेटसाठी नाही. कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान काम करतो, पण थेट झोतात पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार पांढऱ्या थरासारखे पंख्यांवर आणि स्लॉटमध्ये साचतात. कूलर पीसीपासून लांब, समोरची खिडकी उघडी, म्हणजे दमटपणा बाहेर जातो. लॅपटॉपवाल्यांनी गादीवर, चादरीवर ठेवून खेळू नये, मग ती चादर कितीही अस्सल सोलापुरी असो. खालच्या जाळ्या बंद होतात.

वीज हा दुसरा प्रश्न. ६०० व्हीएचा यूपीएस साध्या कामाला पुरतो, पण त्याची खरी ताकद साधारण ३६० वॅटची. कार्ड पूर्ण भारात असताना मॉनिटरसकट तेवढ्याच्या जवळ जाऊन तो किंचाळतो किंवा सरळ बंद पडतो. १००० ते ११०० व्हीएचा घ्या, तोही फक्त सेव्ह करून बंद करण्यापुरता. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडमध्ये वीज पालटायला जो क्षण लागतो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. एफ५ दाबलं की क्विक सेव्ह होतो, एफ९ नं परत येतो. लढाई चालू असताना मात्र सेव्ह होत नाही. सेव्ह चालू असतानाच वीज गेली तर ती फाइल बिघडू शकते, म्हणून क्विक सेव्हवर न विसंबता अधूनमधून वेगळा हाती सेव्ह ठेवा. सगळे सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या 'द विचर ३' फोल्डरात 'गेमसेव्ह्ज'मध्ये असतात. गेमिंग कॅफेत खेळणाऱ्यांनी उठताना तेवढं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावं.

स्वस्त कंट्रोलर जोडला आणि गेमनं ओळखला नाही, तर तो बहुधा जुन्या डायरेक्ट इनपुट पद्धतीचा असतो. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टीम इनपुट चालू करा, काम होतं.

जागा सुमारे ५० जीबी लागते. ५० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगानं चालली तर सव्वादोन तास, १०० ची असेल तर तासाभराहून थोडं जास्त. रोजच्या दोन जीबी डेटावर उतरवायचा विचार करू नका, पंचवीस दिवस जातील. मित्राकडं स्टीमवर गेम आहे आणि तुमच्याकडंही विकत घेतलेला आहे, तर दोन्ही मशीन एकाच राउटरला जोडून स्टीमच्या लोकल नेटवर्क ट्रान्सफरनं फाइल थेट उतरतात, इंटरनेटचा डेटा जवळजवळ लागत नाही. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतला तर ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो: जिथं चांगलं नेट असेल तिथं उतरवा, हार्ड डिस्कवर घरी आणा, नेटशिवाय टाका. नेटची बोंब असलेल्या भागात राहणाऱ्याला आम्ही जीओजीच सांगू. परताव्यातही तो उदार आहे, ३० दिवस; स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळणं दोन तासांच्या आत, तरच पैसे परत. पण दोन तासांत हा गेम नीट सुरूही होत नाही, त्यामुळं मशीनवर चालतो की नाही एवढीच खात्री त्यात करून घ्या. पूर्ण किमतीला घेऊ नका. मोठ्या सेलमध्ये ८० टक्के सूट नेहमीची आहे. घ्यायची ती कम्प्लीट आवृत्ती, कारण 'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि 'ब्लड अँड वाइन' हे दोन्ही विस्तार मूळ गेमपेक्षा घट्ट लिहिलेले आहेत. पहिला ३२ व्या, दुसरा ३४ व्या पातळीच्या आसपास सुरू करायचा, त्याआधी गेलात तर नुसता मार.

हिंदी किंवा मराठी सबटायटल नाहीत, इंग्रजी वाचावं लागतंच. अक्षरं बारीक वाटली तर सेटिंगमध्ये सबटायटल आणि संवादांचा आकार वाढवता येतो, टीव्हीवर खेळणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी वाढवावा. आणि हा १८ वर्षांवरील खेळाडूंचा गेम आहे. रक्त, नग्नता, शिव्या यातलं काही कमी नाही. हॉलमधल्या टीव्हीवर आजीच्या शेजारी बसून खेळायचा हा प्रकार नव्हे.

प्लेस्टेशनवाल्यांना जुनी पीएस४ ची डिस्क सर्वांत स्वस्त पडते. त्याच डिस्कवर पीएस५ ची सुधारित आवृत्ती फुकट उतरते, मात्र खेळताना प्रत्येक वेळी डिस्क आत लागते, म्हणजे ड्राइव्ह नसलेल्या डिजिटल पीएस५ ला तिचा उपयोग नाही. घेताना वेष्टनावर 'गेम ऑफ द इयर' किंवा 'कम्प्लीट' लिहिलंय का बघा. नुसती मूळ डिस्क 'यात सगळं आहे' म्हणून गळ्यात मारली जाते, आणि विस्तार वेगळे घ्यायला गेलं की डिस्कचा रिजन अकाउंटच्या देशाशी जुळत नाही म्हणून ते चालत नाहीत. पैसे देण्याआधी डिस्कची मागची बाजू उजेडात तिरकी धरा. मधून कडेकडं गेलेला एखादा बारीक ओरखडा परवडतो. ट्रॅकच्या दिशेनं गोल गेलेला असेल तर डिस्क परत करा.